चार नारळ आणि एक वीट

चहा आधी संपवा राजेहो. मागच्या खेपेला हा किस्सा रंगात आला असताना एकाच्या तोंडातून चहाचा फवारा उडाला, तो थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर. डाग अजून तसाच आहे. संपला? हं, आता ऐका. एका शहाण्यानं एकच मान चार जणांना वाटला, आणि भर मांडवात स्वतःची अब्रू कशी घालवली, त्याची ही गोष्ट. तो शहाणा कोण म्हणून इकडेतिकडे काय बघता? तुमच्या पुढ्यातच बसलाय!

तर मी इंजिनिअर. भंडाऱ्याचा. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या विणकाम. बाबा मागावर बसले की जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. अशा माणसाच्या पोटी मी! बसलो तर पाय हलतो, उभा राहिलो तर खिशातल्या किल्ल्या वाजतात. दूध गॅसवर ठेवलं तर मी झाकण उचलून उचलून बघतो. आई म्हणायची, "याले मागावर बसवाल तं लुगडं नाही, गुंता निघन." म्हणून मला इंजिनिअर केलं.

ठेकेदाराकडची नोकरी मी सोडली होती. म्हटलं, आता सिमेंटची खोकी नाही बांधायची. माती, बांबू, छपरावरची कवेलू, जे इथंच मिळतं त्यातून बांधायचं. मे महिन्यात आमच्याकडे स्लॅबच्या खोलीत दुपारी बसून बघा, माणूस वाफवून निघतो. आणि पहिलंच काम मिळालं ते अड्याळच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं.

काम काय, तर गावाचं सभागृह. भिंती मातीच्या दाबलेल्या विटांच्या. म्हणजे गावचीच माती, त्यात थोडा चुना, थोडं सिमेंट, तुमसरच्या राइस मिलमधली कोंड्याची राख, आणि हातानं दाबायचं मशीन. भट्टी नाही, धूर नाही. पैसा नागपूरच्या एका कंपनीचा. कंपनीकडून यायच्या एक मॅडम. गोड बोलायच्या, पण अट कडक. भूमिपूजनाच्या दिवशी सगळ्या गावानं एकमुखानं 'हो' म्हणायचं. नाही म्हटलं तर काम दुसऱ्या गावाला. सानगडीकडचं एक गाव टपूनच बसलं होतं. तिथला सरपंच मॅडमना रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवायचा.

म्हणजे गावाचं सभागृह जाणार आणि माझं पहिलंच काम पण जाणार. नोकरी तर मी आधीच सोडून बसलो होतो. बायको रोज विचारायची, "झालं का एकमत?" मी म्हणायचो, "होऊन राहिलं." खरं म्हणजे काहीच होऊन राहिलं नव्हतं.

गावात तीन मोठी माणसं, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

एक सरपंच, गोपीचंदभाऊ. त्यांना मातीचं नावच नको. "साहेब, आमी जिंदगीभर मातीच्या घरातून निघाव म्हणून धडपडलो. आता कुठं डोक्यावर स्लॅब आला, अन् तुमी पुन्हा माती घेऊन आले! पाव्हणे काय म्हणतीन आमाले?"

दुसरे दामोधर काकाजी. रोडला लागून जागा त्यांचीच, आणि ती फुकट देणारेही तेच. पण सरपंचाशी त्यांचं बोलणं बंद. कशावरून बंद, ते दोघांनाही धड आठवत नव्हतं. काकाजींचं म्हणणं, "वीट पाण्यात घोळते का नाही, हे पाह्यल्याशिवाय मी जागा देत नाही."

आणि तिसऱ्या शेवंताबाई, महिला बचत गटाच्या अध्यक्ष. विटा त्यांच्या बाया पाडणार होत्या. त्यांना माती चालत होती, पण सरपंच आणि काकाजी दोघंही चालत नव्हते. "त्या दोघायच्या भांडणात आमची बैठक झाडाखाली होते साहेब. पाणी आलं का आमी छत्र्या घेऊन हिशेब करतो. आमाले छप्पर पाह्यजे, बाकी तुमी पाहा."

आता अशा माणसांना एकत्र कसं आणायचं? कोणीही शहाणा माणूस काय करेल? एका चटईवर बसवेल, चहा पाजेल, बोलू देईल. पण मी नागपूरला ट्रेनिंग घेऊन आलो होतो ना! तिथं टाय लावलेल्या एका सरांनी शिकवलं होतं, "प्रत्येक स्टेकहोल्डरला वाटलं पाहिजे, की या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाचा माणूस मीच." मी ते घोकून पाठ केलं. पुढचं वाक्य ऐकलंच नाही, कारण तेव्हा मी समोसे आले का ते बघायला उठलो होतो.

झालं. मी एकेकाला गाठायला निघालो.

पहिल्यांदा सरपंचाकडे. अर्धा तास मी गारवा, निसर्ग, वीज बचत सगळं सांगितलं. गोपीचंदभाऊंनी शांतपणे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला आणि एकच विचारलं, "ते सारं ठीक आहे जी. पण नारळ कोण फोडन?"

तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे बांधकामाचा नकाशा कोणी काढला, हे कोणी विचारत नाही. नारळ कोणी फोडला, हे मात्र पुढची तीस वर्षं लक्षात ठेवतात. भूमिपूजनाचा नारळ म्हणजे मान. आणि मान एकच असतो.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली करून म्हटलं, "भाऊ, हे विचारायची गोष्ट आहे का? गावचे प्रथम नागरिक तुम्ही. नारळ तुमचाच. फक्त कोणाला सांगू नका, लोक जळतात."

गोपीचंदभाऊंचा चेहरा असा खुलला म्हणता! म्हणाले, "मग माती तं माती."

बाप्पा! इतकं सोपं? मी तसाच स्कूटर घेऊन काकाजींकडे. "काकाजी, जागा तुमची, तर नारळ दुसऱ्या कोणाचा कसा असेल? पण कोणाजवळ बोलू नका." मग शेवंताबाईंकडे. "बाई, विटा तुमच्या हातच्या. नारळ पण तुमच्याच हातानं. सध्या मनातच ठेवा." आणि घरी आल्यावर बूट न काढता मॅडमना फोन. "मॅडम, नारळ तर तुमच्याच हस्ते. गावाचीच इच्छा आहे."

चौघंही खूश. मी शीळ घालत जेवायला बसलो. बायको म्हणाली, "एक नारळ अन् चार लोकं, कसं करणार?" मी म्हटलं, "त्या वेळचं त्या वेळी पाहू." हे वाक्य ज्यानं शोधून काढलं ना, तो माझ्यासारखाच कोणीतरी असला पाहिजे.

आता विटेचं ऐका, कारण खरी गंमत तिथंच आहे.

शेवंताबाईंच्या बायांनी पहिल्या विटा पाडल्या. मीच त्यांना शिकवलं, की वीट मशीनमधून निघाली म्हणजे झाली असं नाही. तिला सावलीत रचायचं, वरून धानाचं ओलं तणीस झाकायचं, तीन आठवडे पाणी शिंपत तराई करायची. तणीस काढायचं नाही, वीट हलवायची नाही, घाई करायची नाही. "घाई केली तर वीट कच्ची राहील!" असं मी बोट नाचवून नाचवून सांगितलं. बाया मान डोलावत होत्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तणीस उचलून बघत होतो. झाली का?

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी शेवंताबाईंनी मला पकडलं. "साहेब, अंड्यावरच्या कोंबडीले तुमी रोज उठवून राहिले. पिल्लं कशी निघतीन जी?"

"फक्त बघतो ओ बाई."

"तुमीच तं सांगतलं हात लावू नका म्हणून!"

"ते तुम्हाला सांगितलं. मी इंजिनिअर आहे."

पण राहवेना ना! भूमिपूजनाला अजून वेळ होता, आणि मला वाटायचं, हातात वीट असली तर चौघांना दाखवता येईल, विश्वास बसेल. बाईंची पाठ फिरली आणि मी एक वीट उचलली. दुपट्ट्यात गुंडाळली, स्कूटरवर पायाशी ठेवली आणि सुटलो. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर विटांच्या थप्पीभोवती बोराटीचे काटे लावलेले! ढोरं येऊ नयेत म्हणून, असं बाई म्हणाल्या. ढोर कोण, ते मी विचारलं नाही.

त्या एका विटेला मी लेकरासारखं फिरवलं राजेहो. अड्याळचा रस्ता, त्यातले खड्डे, ती आणि मी. प्रत्येकाला म्हणायचो, "ही फक्त तुम्हाला दाखवतोय."

काकाजींनी ती ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात टाकली. म्हणाले, "राहू दे दोन दिवस." दोन दिवस मला झोप नाही! तिसऱ्या दिवशी बाहेर काढली, वीट शाबूत. काकाजी गहिवरले. "घोळली नाही जी! जागा दिली."

सरपंचांनी ती ओट्यावरून खाली सोडली. धप्प! एक कोपरा गेला. मी पटकन तो कोपरा भिंतीकडे फिरवला. "पाहिलंत भाऊ, काही झालं नाही." "मजबूत आहे," भाऊ म्हणाले.

मग ती नागपूरला मॅडमच्या एसी ऑफिसात गेली. तिथं शिपायानं ती दार मिटू नये म्हणून दाराला लावली. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती उपयोगी वस्तू आहे!" आठवडाभर त्या दारानं तिला धक्के दिले असतील. मी परत आणली, ओल्या फडक्यानं पुसली आणि ठरवलं, भूमिपूजनाला मांडायची ती हीच वीट. सगळ्यांच्या ओळखीची आहे ना!

उगवला तो दिवस.

मी सूर्याच्या आधी हजर. मांडव टाकला, मधोमध गोटा ठेवला, गोट्यावर वीट. हळद, कुंकू, झेंडूची माळ. तुटका कोपरा माळेखाली लपवला. एवढं झालं तरी पाय थांबेनात. मी मांडवाला फेऱ्या मारायला लागलो. लोकांना वाटलं, काही विधी आहे. एक म्हातारी माझ्या मागंमागं हात जोडून फिरायला लागली.

आधी आले सरपंच. आले म्हणजे काय, आधी त्यांचा फ्लेक्स आला. 'गोपीचंदभाऊंच्या शुभहस्ते' असं ठळक अक्षरात, आणि भाऊ काळा चष्मा लावून मोबाइलवर बोलताहेत. मागून भाऊ स्वतः, हातात नारळ. म्हटलं, ठीक आहे, एक नारळ आला.

मग काकाजी. लग्नातला कोट घालून! सोबत तुमसरचे जावई, लेकी, नातवंडं, एक जीप भरून. हातात पिशवी. पिशवीतून शेंडी बाहेर. नारळाची!

तेवढ्यात वाजतगाजत बाया. सगळ्यांच्या एकाच रंगाच्या साड्या, पुढे शेवंताबाई, डोक्यावर कळस आणि कळसावर... बरोब्बर. माझ्या खिशातल्या किल्ल्या एवढ्या वाजायला लागल्या की भटजी म्हणाले, "साहेब, घंटी माझ्याजवळ आहे."

आणि शेवटी मॅडमची गाडी. ड्रायव्हर उतरला. त्याच्या हातात काय होतं ते सांगू का आता?

भटजी म्हणाले, "चला, नारळ कोणाचा?"

"माझा!" चार तोंडांतून एकच शब्द. मॅडमनी तो जरा शुद्ध म्हटला, एवढाच फरक.

मग काय विचारता! सरपंच म्हणे, "काकाजी, तुमी बाजूले व्हा." कितीतरी दिवसांनी बोलले एकमेकांशी, ते हे! काकाजी म्हणे, "मी काहून होऊ? साहेबांनं माझ्या ओसरीत बसून मान मले देल्ला!" शेवंताबाई म्हणे, "माय व माय! मले तं वावरात येऊन सांगतलं!" मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "मला तर फोनवर सांगितलं, की गावाचीच इच्छा आहे."

आणि चारही माना हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"कोणाले देल्ला मान?" सरपंचांनी विचारलं.

मी खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या. "म्हणजे... तसा... सगळ्यांनाच."

"सगळ्यायले? नारळ म्हणजे का प्रसाद आहे का जी, वाटाले?"

काकाजींनी कोटाचं बटण काढलं. "चला रे, जीपमधी बसा. जागा माझी माझ्याजवळच राहू द्या." सरपंच फ्लेक्स उतरवायला सांगून राहिले होते. शेवंताबाईंनी डोक्यावरचा कळस खाली ठेवला. त्यांनी आपल्या बायांकडे पाहिलं, आणि मग त्या झाडाकडे, ज्याच्याखाली बैठक भरायची. एवढ्या बायांनी माती चाळली होती, विटा पाडल्या होत्या, आणि मी चार गोड शब्दांत सगळं घालवत होतो.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "एकमत नसेल तर मला सानगडीकडे..."

आणि मी ओरडलो! विचार करून नाही, विचार मी कधी केला होता? "थांबा! चौघांनी एकदम फोडा! चार नारळ, एक वीट! चौघांचा मान, आणि विटेची परीक्षा पण होऊन जाईल. वीट नाही फुटणार, माझी गॅरंटी!"

लोकांना परीक्षा म्हटलं की फार आवडतं. जीपमध्ये बसलेले जावई खाली उतरले. पोरं मांडवाच्या बांबूवर चढली. चौघं विटेभोवती उभे राहिले, रागानं लाल झालेले, हातात नारळ. सरपंच आणि काकाजी तर असे उभे, की नारळ विटेवर बसेल की एकमेकांवर, ते सांगता येईना.

"एक... दोन... तीन!"

धाड्!

मी डोळे मिटले होते. उघडले. चारही नारळ शाबूत. चारी हातांत. तडासुद्धा नाही!

आणि वीट? कुठली वीट? गोट्यावर मातीचा ढीग, त्यावर झेंडूची माळ.

बांबूवरची पोरं ढीग बघायला सरसर खाली उतरली. मग माझ्यामागं फिरणारी ती म्हातारी म्हणाली, "नारळ पक्का आहे हो बाई."

मी मनातल्या मनात ठेकेदाराला फोन लावत होतो, नोकरी परत मागायला. तेवढ्यात शेवंताबाई पुढे आल्या, तो ढीग बोटानं उकरला. "ही आमची वीट नाही. आमच्या विटा तणसाखाली आहेत. ही कुठली आणली साहेब?"

काकाजी वाकले. "ही तं माझ्या टाक्यातली! दोन दिवस पाण्यात ठेवली होती मी हे."

"पाण्यात?" सरपंच म्हणाले. "मी तं ओट्यावरून पाडली होती! कोपरा निघाला होता, साहेब लपवून राहिले होते, मी पाहून राहिलो होतो."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे ती दाराला लावली होती."

"मले सांगतलं फक्त तुमालेच दाखवतो!" काकाजी.

"मले बी तेच!" सरपंच.

"अन् कच्ची असतानाच उचलली चौथ्या दिवशी," शेवंताबाई म्हणाल्या. "मले वाटलं ढोरांनं नेली."

सरपंचांनी काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी सरपंचांकडे. आधी काकाजींचं पोट हललं, मग कोट हलला, आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून असे हसले, की भटजींना बसावं लागलं. मॅडमसुद्धा! रुमाल तोंडाला लावून. सगळं गाव हसत होतं, आणि मी हळद-कुंकवात उभा, हातात रिकामा दुपट्टा.

शेवंताबाईंनी काटे बाजूला करून थप्पीतली एक वीट आणवली. तराई पूर्ण झालेली, मी हात न लावलेली. गोट्यावर ठेवली. काकाजीच म्हणाले, "फोडा बाई तुमी. वीट तुमची." सरपंच म्हणाले, "हो, फोडा." बाईंनी पदर खोचला, एकच घाव, आणि नारळाची दोन भकलं. वीट जागची हलली नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग? बांधायचं मातीचं?"

"बांधाचं!" सरपंच उभे राहिले. "पण आमची एक अट आहे. विटांले या साहेबांनं हात लावाचा नाही."

"हो!" काकाजी.

"तणसाले बी नाही!" शेवंताबाई.

"एकमत?" मॅडमनी विचारलं.

"एकमत!" सगळा मांडव ओरडला. मॅडमचा ड्रायव्हर पण ओरडला, त्याचा काय संबंध होता देव जाणे.

सभागृह झालं राजेहो. भर उन्हाळ्यात आत गेलं की बरं वाटतं, बाया तिथंच बैठक घेतात, सरपंच आणि काकाजी दुपारची झोप पण तिथंच काढतात. उद्घाटनाच्या दिवशी तर कमालच झाली. भटजींनी विचारलं, "नारळ कोणाचा?" आणि या वेळी तिघंही एकदम म्हणाले, "साहेबांचा!" शेवंताबाईंनी स्वतः माझ्या हातात नारळ दिला.

खोटं नाही सांगत. डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसेना. नारळ वर उचलला आणि फोडायला वळलो, तर समोर आपली नवीकोरी भिंत.

"अजी नाहीऽऽ!"

सगळं गाव! लहान, म्हातारे, सरपंच, काकाजी, बाया, मॅडम, सगळे एका सुरात. चौघांनी धावत येऊन माझा हात धरला, मला मांडवाबाहेर नेलं, रोड ओलांडायला लावला आणि पलीकडच्या गोट्याजवळ उभं केलं. "हं. आता फोडा."

आता तुम्हीच सांगा, एका गावाला दोनदा एकमुखानं बोलायला लावणारा इंजिनिअर अख्ख्या जिल्ह्यात दुसरा आहे का?